कंबर कशी हाय, पावणं?

वरघाटच्या स्टँडवर बसमधून उतरणाऱ्या कुठल्याही माणसाला गुंडूअण्णा पहिला प्रश्न विचारतात तो असा: "कंबर कशी हाय, पावणं?"

नाव नाही, गाव नाही, कुणाकडं आलात ते नाही. चहा घेणार का, हेसुद्धा मागाहून. अण्णांचं स्टँडसमोर चहाचं हॉटेल आहे हे लक्षात घेतलं, तर प्रश्नांचा हा क्रम धंद्याच्या दृष्टीनं चुकीचाच म्हणायला हवा. बदली होऊन आलेली एक नर्सबाई या चौकशीनं इतकी बिथरली की तिनं मिटलेली छत्री पुढं धरली. अण्णा मात्र तिच्या उत्तराची वाट बघत शांतपणे उभे होते. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी इथल्या हायस्कूलवर विज्ञानाचा मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. मी बेळगावच्या टिळकवाडीचा. टिळकवाडीत अनोळखी माणसाच्या कंबरेत कुणी लक्ष घालत नाही. मी शक्य तितका ताठ होऊन "उत्तम आहे" म्हणालो.

अण्णांनी मला खालून वर न्याहाळलं. "मग खांबाला धरून का हुबा हाईसा?"

मी खांब सोडला आणि पुन्हा धरला.

"बसा. चा घ्या. दुखती तर दुखती म्हनावं, सर. हितं लाजायचं काम न्हाय, सगळ्यांचीच दुखती."

खानापूरहून डोंगर चढत आमच्या गावापर्यंत येणारा रस्ता कागदोपत्री राज्य महामार्ग आहे. तसा फलकही आहे, कन्नडमधला, हिरव्या रंगाचा, फक्त तो उभा खड्ड्यात आहे. सकाळी एक बस येते आणि संध्याकाळी एक, आणि दोन्ही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. पावसाळ्यात ती खालच्या वळणावरच माणसं उतरवते आणि मागे फिरते. मग डोक्यावर पिशवी घेऊन चढायचं. गावाला दवाखाना आहे, हायस्कूल आहे, आठवड्याचा बाजार आहे. रस्ता तेवढा नाही. रस्त्याला आणि चांगल्या बससेवेला सरकारनं निधी द्यावा ही गावाची मागणी माझ्या येण्याच्या कितीतरी आधीपासूनची, आणि या मागणीचे चालते-बोलते अध्यक्ष म्हणजे गुंडूअण्णा. उंच, सडसडीत माणूस, खांद्यावर टॉवेल, आणि बोलताना एक हात स्वतःच्या कंबरेवर.

या माणसानं घाटातल्या प्रत्येक मोठ्या खड्ड्याला नातं लावलंय. देवीच्या देवळाखालचा सगळ्यात मोठा तो व्याही. "व्याह्याला मान द्यावा लागतोय. वळसा घालूनच जायाचं, आंगावरनं जायाचं न्हाय." वळणावर अचानक भेटणारा तो मेव्हणा. शेजारीशेजारी दोन आहेत, त्या जावा-जावा. एकीला चुकवलं की दुसरीच्या तावडीत सापडलंच. बसचे ड्रायव्हर-कंडक्टरही आता हीच भाषा बोलतात. "आज मेव्हणा लई पसरलाय" असं कंडक्टरनं म्हटलं की आम्ही उतारू पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरतो.

एकदा कुणीतरी ओढ्याजवळच्या नव्या खड्ड्याला 'सासूबाई' म्हणावं असं सुचवलं. हॉटेलात सगळे हसले. अण्णांनी हातातली किटली खाली ठेवली. मी त्यांना चिडलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"सासूचं नाव न्हाय लावायचं. ती म्हातारी तकडं निपाणीत वाटंकडं डोळं लावून बसलीया."

मग ते पुन्हा भजी तळायला लागले. त्या खड्ड्याला शेवटी कुणाचंच नाव मिळालं नाही.

बेळगावच्या कचेरीत अण्णांना सगळे ओळखतात. गावातले बाकीचे अर्ज घेऊन जातात, अण्णा रस्ता घेऊन जातात. म्हणजे खरोखरच. घाटातला एखादा डांबराचा सुटलेला खपला टॉवेलात बांधायचा आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा.

"येनरी इदु?" हे काय, असं साहेबानं विचारलं की अण्णा नम्रपणे सांगणार, "रस्ता री, साहेब. तुमचाच हाय. आमच्याकडं पडला हुता, आणून दिला. संभाळून ठेवा."

हे सगळं ते कन्नडमध्ये सांगतात. सरकारशी कन्नड, घरात मराठी आणि खड्ड्यांशी जी तोंडात येईल ती, असा त्यांचा हिशेब आहे. साहेब हसायचा, शिपायाला हाक मारायचा, तुकडा कुंडीत जायचा. त्या कचेरीच्या दारातल्या तुळशीच्या कुंडीत आमच्या महामार्गाचा बराचसा भाग आहे, असं अण्णा म्हणतात.

आता शेवंताक्कांबद्दल सांगायला हवं. अण्णांच्या या पत्नी हॉटेलच्या आतल्या खोलीत, खिडकीशी, उशीला टेकून बसलेल्या असायच्या. माहेर निपाणीचं. महामार्गाच्या कडेला घर, दारात बसून आईबरोबर विड्या वळायच्या आणि समोरून पुण्या-बेंगळूरच्या गाड्या धडधडत जायच्या. त्या आवाजात वाढलेली मुलगी लग्न होऊन आमच्या डोंगरावर आली, जिथं दुपारी पान पडलं तरी ऐकू येतं. "पैल्यांदा आलते तवा झोपच लागंना. इतकं गप्प गाव असतंय व्हय कुठं?"

आक्कांचं कुठलंही वाक्य 'आमच्या निपाणीत' या शब्दांनी सुरू होतं. "आमच्या निपाणीत एक बस चुकली तर चा व्हईस्तोवर दुसरी येती." यावर अण्णा म्हणणार, "आमच्याकडं एक चुकली तर गवती चा लावून, वाढवून, कापून, चा प्याला तरी दुसरी येत न्हाय." दोघं मिळून गिऱ्हाइकांची चांगली करमणूक करत. लग्नात अण्णांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे की पुढच्या वर्षी बस दारापर्यंत येणार आहे. आक्का हे सांगायच्या आणि बोटानं अण्णांकडे दाखवायच्या. अण्णा मान खाली घालून कांदा चिरायचे. कांद्यामुळं डोळ्यांत पाणी येतंच.

काही वर्षांपूर्वी आक्का ओट्यावरून पडल्या आणि मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. बेळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता धक्का बसता कामा नये. पण दवाखान्यातून घरी तर याच रस्त्यानं आणायचं होतं. त्या दिवशी व्याह्यापाशी आक्का जे ओरडल्या ते अण्णा कधी सांगत नाहीत. मला ते गाडीबरोबर असलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं. तेव्हापासून आक्का घाट उतरल्या नाहीत. तिकडे आई थकलेली. तिला डोंगर चढवून इकडे आणणं शक्य नाही, हिला उतरवून तिकडे नेणं शक्य नाही. मायलेकी फोनवर बोलत आणि म्हातारीला कमी ऐकू येत असल्यामुळं ते सगळ्या स्टँडला कळे.

"कवा येतीस गं?"

"रस्ता झाला की येते, आई."

"आं?"

"रस्ता!"

म्हातारीला तो शब्द काही कळत नसे. तिच्या दारासमोर तर चौपदरी रस्ता होता.

गेल्या साली दसरा झाल्यावर बातमी आली की बेंगळूरहून खात्याची समिती घाटाची पाहणी करायला येणार. रस्ता बघायचा, गावाशी बोलायचं आणि निधी कुठल्या गावाला द्यायचा ते ठरवायचं. देवळात सभा भरली. पंचायतीच्या अध्यक्षांनी काय बोलायचं, कन्नडमध्ये कोण बोलायचं, हार कुणी घालायचा, सगळं ठरलं. मग अण्णा उठले.

"समदं खरं. पर पावण्याला आणायचं कशातनं? ह्या खड्ड्यांतनं? बेंगळूरचा मानूस. कंबर मोडून आपल्या दारात आला तर गावाची अब्रू काय ऱ्हाईल?"

आता वाचकाला वाटेल की यावर कुणीतरी म्हणालं असेल, अहो, खड्डे दाखवायलाच तर बोलावलंय. कुणीही म्हणालं नाही. आमच्या भागात पाहुणा यायचा म्हटलं की डोकं बाजूला ठेवून सडा घालतात. बायका रांगोळीचं बोलू लागल्या. अध्यक्षांनी पंचायतीचा ट्रॅक्टर दिला. खाणीतून मुरूम आला आणि अख्खं गाव घमेली घेऊन घाटात उतरलं. मीही होतो. जावा-जावांना आम्ही एकाच दिवशी गाडलं. व्याह्याजवळ मात्र अण्णांनी कुणाला येऊ दिलं नाही. तो त्यांनी स्वतः भरला, पाणी मारून चोपला, मग त्यावर टाच दाबून दाबून चालत राहिले.

"सर," ते मला म्हणाले, "पाहणीच्या दिवशी बसनं येऊ नका. तुमची गाडी घेऊन या. आता कायबी व्हत न्हाय तिला."

शनिवारी मी बसनं घरी जातो आणि सोमवारी बसनंच परततो; माझी गाडी बेळगावातच असते. या रस्त्यावर मी ती कधीच आणली नव्हती. स्वागताला चार गाड्या असाव्यात म्हणून अण्णा सांगत असतील असं मला वाटलं, आणि मी ती घेऊन आलो.

समिती आली. ढोल वाजला, हार पडले, कोकम सरबत झालं, भजी झाली. मुख्य साहेब गाडीतून उतरले आणि अण्णा सगळ्यांना बाजूला सारत पुढं झाले.

"सोंटा हेंगैती, साहेब्रे?" कंबर कशी आहे, साहेब?

साहेब जरा दचकले, मग मोकळेपणानं हसले. "येनू आगिल्ल. रस्ते चेन्नागिदेयल्ला." काही झालं नाही, रस्ता छान आहे की.

ढोल थांबला. गावाच्या लक्षात यायला तेवढा वेळ पुरला. अध्यक्ष पुढं धावले, साहेब, हा रस्ता असा नाही, आम्ही कालच भरलाय, पावसात येऊन बघा. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. जे गाव आपला रस्ता स्वतः इतका चांगला ठेवतं त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं, आणि निधी ज्यांना रस्ताच नाही त्या गावांना आधी द्यावा लागेल, हे तुम्हीही मान्य कराल, असं म्हणून ते भजी घेऊन बसले. सगळ्यांचे चेहरे उतरले होते. एकट्या अण्णांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता. मला वाटलं, माणूस सरकला.

संध्याकाळी हॉटेलपुढं माणसं जमली. "गुंडू, तुज्या पावणचारानं गाव बुडवलं," अध्यक्ष म्हणाले. बाकीचे याहून कडक बोलले. अण्णा ऐकत होते. "चूक झाली," एवढंच म्हणाले आणि सगळ्यांना चहा दिला. रागावलेल्या माणसांनी तो घेतला, पण कप जरा जोरात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना अण्णा माझ्या दारात उभे. खांद्यावर गादीची वळकटी.

"सर, गाडी काढतासा? निपाणीला जाऊन येऊ. दोन पावसात मुरूम धुऊन जाईल, त्याच्या आत."

मी तोंड धुतलं आणि किल्ली घेतली.

आक्का आधीच तयार होत्या. ठेवणीतलं लुगडं, हातात रानमधाची बाटली, आईसाठी. मागच्या सीटवर गादी पसरून आम्ही त्यांना टेकवलं. आदल्या संध्याकाळी रागावलेली माणसं आपापल्या दारात उभी होती. ती गाडीकडे बघत होती, गादीकडे बघत होती आणि हळूहळू त्यांना उमगत होतं. अध्यक्षांच्या बायकोनं घरातून एक उशी आणली आणि खिडकीतून आत दिली. "पाठीमागं घ्या, आक्का. हळू जावा."

अण्णा माझ्या शेजारी, पण तोंड मागं करून बसले होते. "मेव्हणा आला... गेला. जावा आल्या... गेल्या." व्याह्यापाशी ते गप्प झाले. मी वेग आणखी कमी केला. गाडी पुढं सरकली आणि मागून आक्कांचा आवाज आला, "व्याही लई शांत झाल्यात की ओ."

अण्णांनी टॉवेल तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं, खालचं वळण गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, पाहणी काय, दरसाल येतीया. रस्ता कवा आला न्हाय. ह्या खेपेला दोन दिवस का हुईना, रस्ता आला. म्हातारी आजून किती दिस वाट बघंल?"

विनोदी म्हणून ज्या माणसाच्या गोष्टी मी टिळकवाडीत सांगत होतो तो माझ्या शेजारी बसला होता. इतकी वर्षं त्यांनी विचारलेला तो प्रश्न आमच्यापैकी कुणासाठी नव्हताच. आमच्या कंबरा आक्कांच्या कंबरेआधी घाट उतरून-चढून बघत होत्या, एवढंच.

बेळगाव ओलांडून महामार्गाला लागलो. लॉऱ्या धडधडत बाजूनं जाऊ लागल्या. अण्णांनी खिडकीची काच खाली करायला सांगितली. त्या गोंगाटात आक्का बघता बघता गाढ झोपी गेल्या.

निपाणीत म्हातारी दारातच बसली होती, मांडीवर रिकामं सूप. विड्या वळणं केव्हाच थांबलंय, पण सूप लागतं. तिला नीट दिसत नाही. तिनं लेकीचा चेहरा चाचपला, खांदे चाचपले, मग दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि ते तिथंच राहिले. "वाळलीस गं," म्हणाली. आक्का एवढ्या वयाच्या बाई, पण 'आई' म्हणताना त्यांचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा झाला.

अण्णा आत आले नाहीत. अंगणात उभे राहून आमच्या डोंगराच्या बाजूचं आभाळ बघत होते.

"निघू या, सर. तुमाला घाट चढायचा हाय, पावसाच्या आत."

"आणि आक्का?"

"ती ऱ्हातीया."

"अहो, मुरूम वाहून गेला की त्या परत कशा येणार?"

"येईल की," अण्णा म्हणाले. "रस्ता झाला म्हंजे."

म्हणजे निघतानाच त्यांना हे ठाऊक होतं. आक्कांनाही ठाऊक असावं, कारण त्यांनी सोबत हिवाळ्याची शालही घेतली होती. दारातून अण्णांनी फक्त "येतू गं" म्हटलं.

"चा तुमचा तुमी करून घेतासा न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"आगं, माझं हाटेल चाचंच हाय," अण्णा म्हणाले. आक्का हसल्या आणि लगेच आत वळल्या. सगळ्या स्टँडच्या चहाची काळजी वाहणारा हा माणूस स्वतःचा कप कधी स्वतः भरत नसे. तो त्याला आतल्या खोलीतून मिळायचा.

परतीच्या पावसानं आम्हाला घाटाच्या पायथ्याशी गाठलं. गाडी वर पोचली ती शेवटचीच. आठवडाभरात व्याही उघडले, जावा-जावा पुन्हा बोलू लागल्या, मेव्हणा पसरला. दिवाळी झाली, शिमगा झाला. गावानं अण्णांवरचा राग कधी सोडला ते कुणी जाहीर केलं नाही, पण एके दिवशी अध्यक्ष स्वतः टॉवेलात डांबराचा खपला बांधून बेळगावला गेले. आता बरेचजण जातात. साहेबांना दुसरी कुंडी आणावी लागली.

संध्याकाळी हॉटेलात अण्णांचा फोन वाजतो. तिकडे आक्का दारात बसतात आणि इकडचं-तिकडचं बोलून झालं की फोन रस्त्याकडे धरतात. अण्णा फोन कानाला लावून लॉऱ्यांचा आवाज ऐकत राहतात. त्याशिवाय आता झोप लागत न्हाय, म्हणतात. आतल्या खोलीतली उशी त्यांनी जागची हलवलेली नाही.

परवा सोमवारी मी बसमधून उतरलो. अण्णा किटली घेऊन उभेच होते.

"कंबर कशी हाय, सर?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. उत्तम आहे म्हणालो असतो तर त्यांनी तिथल्या तिथं किटली ठेवून गादी काढली असती. मी खांब धरला.

"दुखती, अण्णा."

"लई?"

"लई."

त्यांनी मान हलवली, माझा चहा ओतला, आणि थोडा वेळ घाटाकडे बघत राहिले.

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आजून चार दिस ऱ्हाऊ दे तिला आईजवळ."